सें-मार्शाल विद्यापीठात गेलं तेव्हा

सें-मार्शाल कॉलेज,
१२ ऑक्टोबर १९६९

ति. रोझताईस,
आदेलारचा सादर नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आणि सास्काटून बोरांचा मुरंबा, दोन्ही पोचलं. एक बरणी वाटेत फुटली होती. फादर उर्बेंनी काचा बाजूला काढून त्यातलाही खाल्ला. ऐंशी उलटली, तरी त्यांच्या पोटाची तक्रार नाही. तक्रार फक्त आमच्या स्वयंपाकघराबद्दल असते.

आता मुद्द्याचं. मी वर्गात होतो तेव्हा इथे तीस-पस्तीस पाद्री होते. आज अकरा आहोत आणि त्यातले पाच जण जिन्याने वर जाताना मध्ये बसतात. नवीन कुणी आमच्या पाद्र्यांच्या संघात येत नाही. वरिष्ठांचं पत्र आलं आहे की पुढच्या उन्हाळ्यानंतर कॉलेज चालवणं संघाला जमणार नाही. दोनच वाटा उरल्या आहेत. कॉलेज बंद करून इमारत विकायची, नाहीतर ते नदीपलीकडच्या इंग्रजी विद्यापीठाच्या स्वाधीन करायचं. विद्यापीठ म्हणतं, की ते त्यांच्यातलंच एक कॉलेज म्हणून राहील, शिकवणं फ्रेंचमधून चालेल, पदवी मात्र त्यांची. आजवर आपल्या मुलांची पदवी पूर्वेकडच्या फ्रेंच विद्यापीठातून रेल्वेने यायची, प्रश्नपत्रिकासुद्धा तिकडूनच. आता नदीपलीकडून येईल.

मुख्य मी असलो तरी निर्णय एकट्याने घेणार नाही. सोळा नोव्हेंबरला सगळ्या फ्रेंच गावांची सभा इथल्या मोठ्या दालनात आहे. सेंत-लूसमध्ये लोक काय म्हणतात त्याआधी तू काय म्हणतेस ते कळव. गोड करून लिहू नकोस. तसं तुला येतही नाही.

झेनोंभावजींना नमस्कार. तुझी लेक गिलेन इथे मजेत आहे, अभ्यासही करते असं तिचे मास्तर सांगतात. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझा,
आदेलार


सेंत-लूस,
२० ऑक्टोबर १९६९

चि. आदेलार यास,
अ. उ. आ. तू फादर झालास म्हणून आशीर्वाद तूच द्यायचे असं नाही. मी मोठी आहे.

पत्र वाचलं. झेनोंनाही वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गोठ्यात गेले. म्हणजे त्यांनाही पसंत नाही.

तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतास. बाबांनी आणि गावातल्या माणसांनी सें-मार्शालसाठी घोडागाड्यांतून विटा ओढल्या. आमच्या पायांत धड बूट नव्हते, पण बाबा म्हणायचे, आपली एक तरी इमारत त्यांच्या शहरात उभी राहिली पाहिजे. मग तुला तिथे धाडायचं ठरलं आणि आठवीनंतर मला घरी बसवलं, कारण दूध कोण काढणार. त्याचं मला दुःख नाही, मुलींना त्या कॉलेजात तेव्हा घेतच नव्हते. पण फ्रेंचवर बंदी असल्यामुळे शाळेत इन्स्पेक्टर येताना दिसला की सिस्टर आमची फ्रेंच पुस्तकं चुलीमागच्या लाकडांत दडवायच्या, आणि आम्ही पोरं इंग्रजी कविता म्हणत ताठ उभी राहायचो, ते मी विसरले नाही. आज वीस वर्षं मी स्वतः तीननंतर मुलांना शिकवते. फळ्यावर लिहायचं धर्मशिक्षण आणि शिकवायचं व्याकरण.

आणि तू म्हणतोस, कोकराची राखण लांडग्याकडे देऊ. लांडगा आता कोट-टाय घालतो, एवढाच काय तो फरक. आज फ्रेंच ठेवतील, उद्या म्हणतील मुलं थोडी आहेत, परवा म्हणतील इकडेच या, आमच्या वर्गात बाकं रिकामी आहेत. त्यापेक्षा विकून टाका. मेलेल्या माणसाचा निदान मान राहतो.

सभेला मी येणार आणि तुझ्याविरुद्ध बोलणार. आधीच सांगून ठेवते, नंतर ताईने केसाने गळा कापला म्हणू नकोस. लोकरीचे मोजे पाठवले आहेत. भांडण भांडणाच्या जागी, थंडी थंडीच्या. माया आहे तशीच आहे, फक्त सध्या ती रागावलेली आहे.

तुझी ताई,
रोझ-आल्मा


सें-मार्शाल कॉलेज,
१७ नोव्हेंबर १९६९

ति. आईस,
गिलेनचा सा. न. वि. वि.

बाबांचा पाय कसा आहे? धान्याच्या कोठारावरून पडायला त्यांना नेमका सभेचा आठवडाच सापडला. प्लास्टर निघेपर्यंत त्यांना शिडीकडे बघूसुद्धा देऊ नकोस.

तू टेलिफोनवर सांगितलंस तसंच केलं. दालन खच्चून भरलं होतं, मागे लोक उभे होते. आदेलारमामाने आधी सगळं समजावून सांगितलं. मग सेंत-लूसचं नाव पुकारलं तेव्हा मी उठले आणि तू लिहून पाठवलेलं शब्दन् शब्द वाचलं. विटांचं वाचलं, इन्स्पेक्टरचं वाचलं, लांडग्याचंही वाचलं. लांडग्यापाशी लोक हसले. विटांपाशी पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी रुमाल काढले. मामा माझ्याकडेच बघत होता. तू लिहिलेलं एकही वाक्य मी गाळलं नाही की मऊ केलं नाही.

आता पुढचं सांगते. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मत घ्यायची वेळ आली तेव्हा हात वर करायचे होते. विद्यार्थ्यांनाही मत होतं. तुझं म्हणणं वाचून झालं होतं, हात माझा होता. मी विद्यापीठाच्या बाजूने हात वर केला.

आई, मला शिक्षिका व्हायचं आहे. कॉलेज बंद झालं तर माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली पूर्वेला जातील, तिकडेच लग्नं करतील आणि परत येणार नाहीत. उरलेल्या इंग्रजीतून शिकतील. मान राखून मेलेल्या कॉलेजात मला कुणी शिकवणार नाही. ठराव मोठ्या फरकाने मंजूर झाला.

नंतर मामा जिन्यात भेटला. तो एवढंच म्हणाला की तुझ्या आईचा आवाज तुझ्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला, आणि आता घरी पत्र टाक, उशीर करू नकोस. म्हणून आजच लिहिते आहे. रागव, पण उत्तर दे.

तुझी,
गिलेन


सें-मार्शाल कॉलेज,
३० मार्च १९७०, ईस्टरचा सोमवार

ति. रोझताईस,
आदेलारचा सादर नमस्कार. वि. वि.

हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींचं उत्तर नाही. टपाल खात्याला दोष देत होतो, पण गिलेनला तू केक पाठवलास, तो पोचला. सोबत चिठ्ठी नव्हती असं ती म्हणाली. केक बोलका होता, म्हणते.

इकडे कराराची कामं चालू आहेत. विद्यापीठाची माणसं येऊन खोल्या मोजून गेली. ती सभ्य माणसं आहेत. त्यातल्या एकाने प्रार्थनामंदिरात येताना टोपी काढली आणि इथे किती बाकं मावतील ते विचारलं. मंदिर मंदिरच राहणार असं करारात घालून घेतलं आहे. शिकवण्याची भाषा फ्रेंच, हेही घातलं आहे. त्यावर तीन बैठका झाल्या. त्यांनी आधी ‘शक्य तिथे’ असं लिहून आणलं होतं. मी म्हटलं, हे दोन शब्द काढल्याशिवाय सही होणार नाही. ते शब्द निघाले.

तुझ्या लांडग्याची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, पण बैठकीत दरवेळी ती माझ्या मनात होती. त्याचा उपयोग झाला. भावजींचा पाय बरा झाला असं ऐकलं. बाकी सगळं ठीक, माझंही ठीक. दोन ओळी लिही, रागाच्या चालतील.

तुझा,
आदेलार


सें-मार्शाल कॉलेज,
४ ऑक्टोबर १९७०

ति. आईस,
गिलेनचा सा. न. वि. वि.

उन्हाळाभर आपण दोघींनी बाग खणली, बरण्या भरल्या, आणि सें-मार्शालचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. पण आता लिहिते, कारण हे मामा तुला कधीच सांगणार नाही.

दारावर नवी पाटी लागली. विद्यापीठाचं नाव वर, आपलं खाली, पण अक्षरं सारख्याच आकाराची. वर्ग सुरू झाले. इतिहास, तत्त्वज्ञान, गणित फ्रेंचमधून चालू आहे. टेलिफोनवरच्या नव्या बाईला बोंझूर म्हणता येत नाही, आम्ही तिला शिकवतोय. नवा मुख्य तरुण आहे, लांब कल्ले ठेवलेला, पाद्री नाही. माणूस चांगला आहे.

हो, नवा मुख्य. मामा आता मुख्य नाही. त्याची रोममधली डॉक्टरेट विद्यापीठाच्या नियमात बसत नाही. तो आठवड्यातून चार तास लॅटिन शिकवतो आणि ग्रंथालयामागच्या खोलीत राहतो, जिथे पूर्वी फुटक्या खुर्च्या ठेवायचे. मला वाटलं, हे आयत्या वेळी झालं असेल. म्हणून फादर उर्बेंना विचारलं. ते म्हणाले, अगं पोरी, हे तर सभेच्या आधीपासून त्याला ठाऊक होतं. कॉलेज बंद झालं तर संघ त्याला रोमला नेणार होता, शिकवायला, मोठ्या जागेवर. कॉलेज राहिलं तर इथे राहून खोली बदलायची, एवढंच त्याच्या वाट्याला होतं. आणि त्याने कुणाला सांगायची बंदी केली होती.

मी तुला पटवायला हे लिहीत नाही. तुझ्या भावाबद्दल तुला ठाऊक असावं, म्हणून लिहिते.

तुझी,
गिलेन


सेंत-लूस,
८ नोव्हेंबर १९७०

चि. आदेलार यास,
अ. उ. आ.

वर्षाने लिहिते आहे. खोलीत हीटर आहे का? ग्रंथालयामागे भिंत उत्तरेकडची आहे, मी बघितली आहे. गोधडी पाठवते. ती आईची आहे, फादर उर्बेंना देऊ नकोस.

गिलेनने सांगितलं. तू सभेत उभा राहून सगळ्यांना सगळं समजावलंस आणि स्वतःचं तेवढं गिळलंस. मी तिथे गिलेनच्या तोंडून तुला लांडग्याचा दलाल ठरवलं आणि तू ऐकून घेतलंस. लहानपणीही असाच होतास, मार खाऊन घरी यायचास आणि पडलो म्हणायचास. मत माझं बदललेलं नाही. विद्यापीठावर माझा विश्वास नाही. तुझ्यावर आहे, तो वेगळा.

आता माझं गाऱ्हाणं. कायदा बदलला, अर्धा दिवस फ्रेंचमधून शिकवायला परवानगी मिळाली, म्हणून गावाने घंटा वाजवली. आमच्या शाळा मंडळाने वर्ग सुरू करायचा अर्ज केला. वरून उत्तर आलं, की आनंदाने करा, फक्त शिक्षिकेकडे पदवी आणि दाखला हवा. मी म्हटलं, ही मी बसले आहे की. तर म्हणाले, बाई, आपल्याकडे आठवीचा कागद आहे. म्हणजे बंदी होती तोवर मी शिकवू शकत होते, आणि परवानगी मिळाली तशी माझी शाळा बंद झाली. झेनों इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू आलं नाही. मुलं तीन वाजता दारात येऊन उभी राहतात आणि मी त्यांना घरी पाठवते.

दाखला देणारं फ्रेंच कॉलेज या मुलखात एकच आहे आणि ते कुणाचं आहे ते तुला ठाऊक आहे. माझं वय पन्नासच्या घरात आहे. मला घेतील का ते विचारून कळव. मी विचारलं असं गावात कुणाला कळता कामा नये.

जेवत जा.
रोझ-आल्मा


सें-मार्शाल कॉलेज,
२२ मे १९७१

ति. रोझताईस,
आदेलारचा सादर नमस्कार. वि. वि.

अभिनंदन. तुला घेतलं.

प्रवेशपरीक्षेत पहिल्या खेपेला इंग्रजी निबंधात नापास का केलं, ते मी जाऊन विचारून आलो. विषय होता समुद्रकाठची सुट्टी. तू लिहिलंस की मी समुद्र बघितलेला नाही, सुट्टी तर त्याहून बघितलेली नाही, म्हणून बटाटे काढण्याविषयी लिहिते. परीक्षक म्हणाले, बटाट्यांचा निबंध उत्तम होता, पण विषयाला धरून नव्हता. या खेपेस विषय ‘माझा शेजारी’ होता, आणि मेलनिकच्या डुकरांनी तुझी बाग कशी खाल्ली ते वाचून परीक्षकांनी तो निबंध कार्यालयात सगळ्यांना दाखवला असं कळतं.

तू विचारलंस, सभेत मी स्वतःचं का सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी माझ्याकडे बघून मत दिलं असतं, दयेने किंवा संशयाने. मला त्यांनी कॉलेजकडे बघून द्यायला हवं होतं. रोमचं म्हणशील तर तिथे उन्हाळा फार असतो.

एक बातमी आहे, ती खुर्चीत बसून वाच. लॅटिनला पुढच्या वर्षी विद्यार्थी नाहीत. बिशपांनी मला गावाकडे चर्च सांभाळायला पाठवायचं ठरवलं आहे. गाव सेंत-लूस आहे. तू सप्टेंबरमध्ये इकडे येशील आणि मी तिकडे जाईन. भावजींना सांग, त्यांच्या ताटापुढे आता बायकोऐवजी मेव्हणा बसेल.

तुझा,
आदेलार


सेंत-लूस,
६ फेब्रुवारी १९७२

ति. रोझताईस,
आदेलारचा सादर नमस्कार. वि. वि.

पत्रावर तुझा पत्ता म्हणून सें-मार्शाल लिहिताना दरवेळी पेन अडखळतं.

इकडे सगळे खुशाल. थंडी उणे तीसच्या खाली गेली आहे, गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून सतत विजेला जोडून ठेवावं लागतं. झेनोंभावजी रोज वाटाण्याचं सूप करतात. सोमवारचं सूप बुधवारी जास्त चांगलं लागतं असं त्यांचं मत आहे, आणि शुक्रवारपर्यंत ते बदलत नाही. आम्ही संध्याकाळी पत्ते खेळतो. शनिवारी ते कन्फेशनला येतात. तिथे काय सांगतात ते मी सांगू शकत नाही, पण रविवारी एक्का पुन्हा त्यांच्या बाहीत असतो.

तुझ्या तीन वाजताच्या मुलांना मी घेतो. ती मला सारखं सुधारतात, की रोझबाई असं सांगत नव्हत्या. तू भूगर्भशास्त्राला घाबरली आहेस असं गिलेनच्या पत्रात होतं. दगडांना काय भितेस, जन्मभर शेतातून वेचलेस की.

मी रोज तुझी आठवण काढतो, मुख्यतः जेवताना.

आदेलार


सें-मार्शाल कॉलेज,
१९ मार्च १९७३

चि. आदेलार यास,
अ. उ. आ.

लांडगा आला होता. मी म्हटलंच होतं.

विद्यापीठाच्या समितीने ठरवलं, की ज्या विषयांना मुलं थोडी, ते नदीपलीकडे इंग्रजीतून शिकायचे. भूगर्भशास्त्र, जीवशास्त्र आणि भूगोल. शब्द असे गोड, की वाचताना आपलंच भलं होतंय असं वाटावं. आमचा कल्लेवाला मुख्य धावपळ करत होता. तुझ्या करारातलं वाक्य त्याने काढून दाखवलं. समिती म्हणाली, वाक्य मान्य आहे, पण आठ मुलांसाठी प्राध्यापक ठेवायचा तर अडचण समजून घ्या. मग विद्यार्थ्यांपैकी कुणाला बोलायचं असेल तर बोला, म्हणाले. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मी उठले.

इंग्रजीतच बोलले, म्हणजे समजलं नाही असं नंतर कुणी म्हणू नये. मी सांगितलं, की मला इंग्रजीतून दगड शिकायला हरकत नाही. माझं काय, मी दोन परीक्षांत शिकून मोकळी होईन. पण मी परत गावी जाऊन लहान मुलांना ते फ्रेंचमधून शिकवणार आहे. हिमनदीला, गाळाला, थराला काय म्हणायचं ते मला इथे कळलं नाही तर मी मुलांना कुठून सांगू? मग ती मुलं घरी प्रार्थना फ्रेंचमध्ये करतील आणि जग इंग्रजीत शिकतील, आणि म्हणतील की फ्रेंच ही आजीशी बोलायची भाषा आहे. तुम्ही शिक्षक घडवायचं कॉलेज घेतलं आहे. आम्हाला अर्धे घडवू नका.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने लिहून घेतलं. आज कळलं की विषय दोन वर्षांसाठी इथेच ठेवले आहेत, पुढे पुन्हा बघतील. बघू देत. दोन वर्षांत आणखी मुलं आणू. तू रविवारी उपदेश करताना दहावी-अकरावीतल्यांच्या आया कुठे बसतात ते ठाऊक आहे ना? त्यांच्याकडे बघून बोलत जा.

तू लिहून घेतलेलं ते वाक्य नसतं तर बोलायला उभं राहायला जमीनच नव्हती. हे मी एकदाच लिहिते आहे, जपून ठेव.

झेनोंना सांग सूप बदला.
रोझ-आल्मा


सें-मार्शाल कॉलेज,
३० मे १९७५

ति. मामास,
गिलेनचा सा. न. वि. वि.

गावातल्या म्हाताऱ्या मारी-आंझच्या अंत्यविधीमुळे तुला येता आलं नाही, याची आईला चुटपुट लागली. म्हणून मी सगळं लिहून पाठवते, काही न गाळता.

पदवीदान नदीपलीकडच्या मोठ्या सभागृहात होतं. सें-मार्शालची मुलं यंदा बरीच होती, त्यात सेंत-लूसची चार. तुझे उपदेश कामी आले. बाबांनी लग्नातला कोट घातला होता आणि तो पुढून मिटत नव्हता. मी माझ्या शाळेतून रजा घेऊन त्यांच्याशेजारी बसले.

वर विद्यापीठाचे कुलपती बसले होते, पांढऱ्या केसांचे, उंच. नाव पुकारायचं, हात मिळवायचा, कागद द्यायचा, पुढचा. फार झरझर चाललं होतं. आमच्या मुलांची नावं येऊ लागली आणि कुलपतींच्या तोंडात त्यांचा चुरा व्हायला लागला. मुलं हसून हात मिळवायची आणि खाली उतरायची. मग आईचं नाव आलं. रोझ-आल्मा हीबर्ट म्हणून पुकारलं.

आई वर गेली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि हात पुढे केला नाही. कुलपतींचा हात तसाच अधांतरी. पहिल्या रांगेत बसलेल्या मुलीने नंतर सांगितलं, की आईने त्यांना अगदी शांतपणे, वर्गातल्या मुलाला सांगतात तसं सांगितलं, की ह आम्ही लिहितो, म्हणत नाही, शेवटचा टही नाही, एबेर. पुन्हा एकदा म्हणा. मागे रांग थांबली. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. ते गृहस्थ जरा वाकले आणि हळूच एबेर म्हणाले. आईने मान हलवली, की आता मोठ्याने. मग त्यांनी ध्वनिक्षेपकावर सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं रोझ-आल्मा एबेर म्हटलं, आणि बरोबर म्हटलं. तेव्हा तिने हात मिळवला, कागद घेतला आणि खाली उतरली.

बाबा रडले. तू विचारलंस तर नाही म्हणतील.

सप्टेंबरपासून सेंत-लूसच्या शाळेत सकाळचा अर्धा दिवस तिचा आहे, दाखल्यासकट. मेलनिकच्या सुनेनेही आपली दोन मुलं त्या वर्गात घातली आहेत. घरात त्यांच्या युक्रेनी बोलतात, तिसरी भाषा झाली तर काय बिघडलं, म्हणाली.

आणि एक राहिलं. आईनंतर ते म्हातारे कुलपती प्रत्येकाचं नाव पुकारण्याआधी वाकून त्यालाच विचारायला लागले. आमच्या मुलांना विचारलं, मग पुढच्या कॉलेजच्या मुलांनाही. शेवटी स्मिथ नावाचा एक मुलगा आला, त्यालाही विचारलं. त्याने सांगितलं, आणि त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं.

आई उद्या तिकडे निघते आहे. तिच्यावर आणि माझ्यावर आहे तशी माया राहू दे.

तुझी,
गिलेन